सुपरवायझर नावाचा कुरव

सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ओहोटीनं खाडीच्या तोंडाशी लांबवर चिखल उघडा पाडला होता आणि त्या चिखलात चाळीसएक कुरवांच्या, म्हणजे पांढऱ्या समुद्रपक्ष्यांच्या, मागे एक माणूस कमरेत वाकून उभा होता. अंगात पांढरा झगा, तोंडावर मास्क, हातांत दुहेरी हातमोजे, पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट. तो पक्ष्यांच्या शिटण्याची वाट पाहत होता.

यात हसण्यासारखं काही नाही. त्याला याचा पगार मिळत असे. दोन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एका सकाळी कुरव मरून पडलेले सापडले होते. काही जिवंत होते, पण मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरत होते. पाठोपाठ आतल्या भागातल्या कोंबड्या पटापट मेल्या. बर्ड फ्लू. तेव्हापासून सरकारनं इथे एक छोटं पथक बसवलं. उत्तरेकडून येणारे हे पक्षी काय घेऊन येतात, हे ते मेल्यावर कळण्यापेक्षा जिवंतपणी कळलेलं बरं, असा त्यामागचा विचार. आणि जिवंत पक्ष्याच्या पोटातली बातमी काढायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याची ताजी शीट.

ताजी हा शब्द महत्त्वाचा. वाळलेली शीट काही सांगत नाही. त्यासाठी पक्ष्यांच्या इतकंच जवळ जावं लागतं की ते उडणार नाहीत, फक्त चार पावलं पुढे सरकतील, आणि सरकताना मागे हवं ते ठेवून जातील. सरळ चालत गेलं की अख्खा थवा उडतो आणि खाडीच्या पलीकडे जाऊन बसतो. म्हणून हा माणूस तिरका चालत असे. रस्त्यात नको असलेला ओळखीचा दिसला की आपण दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जातो, तसा. मग कापसाची काडी शिटीच्या ओल्या, गडद भागात फिरवायची, नमुना टिकवणाऱ्या गुलाबी पाण्याच्या नळीत घालायची, काडीचं टोक मोडून बूच लावायचं आणि नळी बर्फाच्या पेटीत ठेवायची.

पथकाच्या ड्रायव्हरनं त्याला चिखल्या हे नाव ठेवलं होतं. चिखल्या हा याच किनाऱ्यावरचा एक बुटका पक्षी. तो चार पावलं तुरुतुरु धावतो, थांबतो, वाकतो, काहीतरी उचलतो आणि पुन्हा धावतो. पथकाच्या प्रमुख डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या, आणि त्यांना पहिले काही दिवस हे आडनावच वाटलं. त्या त्याला चिखले म्हणू लागल्या. खरं कळल्यावरही त्यांनी ते बदललं नाही, कारण तोवर तोंडात बसलं होतं.

चिखल्या मुळात चपला-बुटांच्या दुकानातला माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्यानं लोकांच्या पायांशी बसून काढली. दुकान बंद पडलं तेव्हा त्याला पायांशिवाय दुसरं काही येत नव्हतं. किनाऱ्यावर आला आणि पाहतो तर काय, इथे पायच पाय. लाल पायांचे, हिरव्या पायांचे, पिवळ्या पायांचे. चोचीवरून पक्षी ओळखण्याच्या फंदात तो कधी पडला नाही. खाली बघायचं आणि सांगायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला आवडतं काम मिळणं ही दुर्मीळ गोष्ट, आणि ती आपल्या वाट्याला आली आहे हे त्याला नीट ठाऊक होतं. नेमणूक मात्र वर्षावर्षाची होती आणि तिची मुदत संपत आली होती.

त्या दिवशी त्याच्या खांद्याला अडकवलेल्या थर्मासमध्ये चहा नव्हता. बर्फ होता आणि बर्फात एक भरलेली नळी होती. ती या किनाऱ्यावर भरलेली नव्हती. ती त्यानं पहाटे स्वतःच्या घरातल्या बाथरूममध्ये भरली होती.

ते कसं झालं, तर त्याच्या आक्कामुळे. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आवाजानं भिंतीचा रंग निघेल अशी. तिच्या इमारतीचं छप्पर दुरुस्तीला काढलं, म्हणून ती चार महिन्यांसाठी भावाकडे राहायला आली. सोबत दोन बॅगा आणि एक वेताची टोपली. टोपलीत तांबडी कोंबडी होती. एक्स्चेंजमधली एक बाई आयुष्यभर हात पाठीशी घेऊन मुलींच्या पाठीमागून फिरायची आणि मध्येच खांद्यावर टोचायची. तिच्या आठवणीसाठी आक्कानं कोंबडीचं नाव सुपरवायझर ठेवलं होतं. आठवण प्रेमाची की सुडाची, हे कोणी विचारलं नाही.

टोपलीचं झाकण उघडलं तेव्हा चिखल्याच्या पाचावर धारण बसली. पथकाचा पहिला नियम असा की जो रानपक्ष्यांच्या चिखलात हिंडतो त्याच्या घरी पाळलेला पक्षी नको. बुटाच्या तळव्याला लागून रोग इकडचा तिकडे जायला वेळ लागत नाही. कामावर घेताना डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं होतं, घरी कोंबड्या, बदकं, पोपट वगैरे काही? तो म्हणाला होता, घरी फक्त बायको आहे. तेव्हा ते खरं होतं.

त्यानं आक्काला समजावलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ठीक आहे, आम्ही दोघी स्टेशनवर राहतो. मग बायको मध्ये पडली. बायकोला कोंबडी नको होती, पण वन्सं स्टेशनवर राहिल्या असं नातेवाइकांत झालेलं त्याहून नको होतं. तेव्हा सुपरवायझर बाथरूममध्ये राहू लागली. सकाळी आंघोळीला जाणाऱ्यानं आधी तिला बादलीवरून उठवायचं आणि वॉशिंग मशीनवर बसवायचं. ती तिथून मान वाकडी करून सगळी आंघोळ बघे. चिखल्याला पहिले पंधरा दिवस टॉवेल गुंडाळूनच अंगावर पाणी घ्यावं लागलं.

आणि मग कोंबडी शिंकू लागली.

दुसऱ्या कुणाच्या घरी कोंबडी शिंकली असती तर लोक म्हणाले असते, शिंकली. चिखल्याला झोप येईना. मेलेले कुरव त्यानं स्वतःच्या हातांनी पिशव्यांत भरले होते. गमबूट ऑफिसात ठेवतो, झगा तिथेच जाळायला देतो, हात कोपरापर्यंत धुतो. पण केसांचं काय, चष्म्याच्या काड्यांचं काय? त्यानं आणलं असेल तर? डॉक्टरबाईंना सांगावं तर काम गेलं. न सांगावं आणि खरंच तो रोग असेल तर शेजारीपाजारी, आक्का, बायको, सगळ्यांच्या जिवाशी खेळ.

त्याला एकच वाट दिसली, आणि ती अशी होती की ती फक्त त्यालाच दिसू शकत होती. कोंबडीची शीट कुरवांच्या शिटीत मिसळून तपासणीला पाठवायची. रोग निघाला तर प्रयोगशाळेतून तासाभरात फोन येतो. मग तो त्याच पावली सगळं कबूल करणार होता. नाही निघाला तर कुणाचं काय गेलं? म्हणून त्या पहाटे तो बाथरूममध्ये एक उरलेली नळी घेऊन गेला, दार लावलं आणि सवयीनं सुपरवायझरच्या मागे तिरका चालू लागला. बाथरूम पाच फूट बाय सात. तिरकं चालायला फारसा वाव नव्हता. आक्का दात घासायला आली तेव्हा भाऊ कमरेत वाकून कोंबडीच्या मागे स्तब्ध उभा होता. ती तशीच परत गेली. नोकरी माणसाच्या अंगात भिनते ती अशी, असं तिला वाटलं असावं.

तर सहा बारा झाले होते. कुरव सरकले. चिखल्यानं सहा नमुने घेतले आणि पेटीशी वाकून थर्मासचं झाकण उघडलं. ड्रायव्हर लांबून ओरडला की आज चहा एकट्यानंच पिणार का? चिखल्या म्हणाला, आज चहा नाही. ड्रायव्हरनं ही गोष्ट मनाला लावून घेतली. रोज अर्धा कप ठरलेला असे.

डॉक्टरबाई पेन घेऊन उभ्या होत्या. तो एकेक नळी पुढे करी, पक्ष्याचं नाव सांगे, त्या चिठ्ठीवर लिहून चिकटवत. सातव्या नळीला त्याचा आवाज थोडा बारीक झाला.

“काळ्या डोक्याचा कुरव,” तो म्हणाला.

त्यांनी लिहिलं. हिवाळ्यात या कुरवाचं डोकं पांढरंच असतं, कानामागे फक्त काजळाचं बोट लावल्यासारखा ठिपका. म्हणजे नाव आणि डोकं यांचा मेळ तसाही नसतो. चिखल्यानं स्वतःला हे सांगून थोडी समजूत घातली.

आठवडा गेला. फ्लूचा फोन आला नाही. कोंबडीचं शिंकणंही थांबलं. चिखल्या थर्मास घ्यायला चहाच्या कपाटाशी गेला तर तो तिथे नव्हता. बायकोला आक्काकडून थोडं आणि अंदाजानं बरंच कळलं होतं आणि तिनं तो कचऱ्यात टाकला होता. त्यातला चहा आता कोण पिणार, एवढंच ती म्हणाली. चिखल्याला वाटलं, एका थर्मासवर भागलं.

मग प्रयोगशाळेच्या साहेबांचा फोन आला. डॉक्टरबाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला, कारण साहेब आनंदात होते आणि ते सहसा आनंदात नसत. फ्लू कुठेच नाही, ते म्हणाले. पण आपण प्रत्येक नमुना मानमोडीसाठीही तपासतो. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा जुना जीवघेणा रोग, आणि त्याची एक जिवंत लस असते. ती लस सात नंबरच्या कुरवात सापडली आहे. रोग नव्हे, लस. रानातल्या कुरवाला कुणीतरी टोचल्यासारखी लस.

चिखल्या आपल्या गमबुटांकडे बघत होता.

घरी येऊन त्यानं आक्काला विचारलं की तू हिला लस दिली होतीस का. आक्का म्हणाली, मग काय वाऱ्यावर सोडू? बाजाराजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन डोळ्यांत थेंब घातले होते. डॉक्टर म्हणालाच होता, थोडे दिवस शिंकेल, घाबरू नका.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस का? तू पहाटे उठून तिच्या मागे वाकून उभा राहिलास. म्हटलं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा याला चैन पडत नाही.”

“सुट्टी नव्हती, आक्का.”

“मग जास्तच वाईट.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता सांगणं म्हणजे एकाच्या जागी दोन गुन्हे: घरात कोंबडी, आणि कोंबडीचा कुरव केला तो वेगळा. आक्काचं म्हणणं, उद्याच सांग. बायकोचं म्हणणं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण नेमणुकीचा कागद हातात येईपर्यंत झाकलं तर बरं. चिखल्याला दोघींचंही पटलं, आणि म्हणून त्यानं काहीच केलं नाही.

इकडे साहेबांनी हुकूम दिला की तो थवा जाळ्यात पकडा. एकेक पक्षी तपासा. लस मिळालेला कुरव एकटा आहे की सगळा थवा लस घेऊन हिंडतोय, हे कळलं पाहिजे. जाळं लावायचं काम अवजड असतं. ओहोटीच्या आधी चिखलात जायचं, जाळं घडी घालून लपवायचं, मग लांब आडोशाला बसायचं आणि पक्षी बरोबर जागेवर आले की दोरी ओढायची. दोरी चिखल्याच्या हातात असे. पक्षी बरोबर जागेवर आले की त्याचा हात जड होई. पहिल्या दिवशी त्यानं उशिरा ओढली आणि जाळ्यात ड्रायव्हर सापडला. दुसऱ्या दिवशी अकरा कुरव मिळाले. त्यांना कापडी पिशव्यांत घालून, एकेकाचा घसा पुसून, वजन करून सोडून दिलं. एकानं डॉक्टरबाईंच्या अंगठ्याला असा चावा घेतला की दोन दिवस त्या पेन तर्जनी आणि मधल्या बोटात धरत होत्या.

“चिखले, तुम्हाला काय वाटतं, कुठून आला असेल तो?” त्यांनी आडोशाला बसल्या बसल्या विचारलं. त्या विचारत असत, हा त्यांचा चांगला गुण होता.

चिखल्या म्हणाला की कचऱ्याच्या डोंगरावरून आला असेल. हे म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर वॉशिंग मशीन होतं.

कचऱ्याचा डोंगर डॉक्टरबाईंच्याही डोक्यात होताच. त्यांनी चार दिवसांत एक सबंध सिद्धांत उभा केला. कुरव कचऱ्यावर जातात. कचऱ्यात पोल्ट्रीची घाण येते. खाडीच्या वरच्या अंगाला एकच पोल्ट्री आहे. म्हणजे तिचा मालक मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतो. सिद्धांतात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त पहिली वीट कोंबडीच्या शिटीची होती. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी पोल्ट्रीच्या मालकाला सोमवारी दुपारी जाब द्यायला बोलावलं आणि परवाना रोखायची तयारी ठेवली. स्वतः त्यांनी एका परिषदेत या विषयावर बोलायचं कबूलही करून टाकलं.

शनिवारी चिखल्या जेवताना हे सांगत होता. ऐकता ऐकता आक्कानं हातातला चमचा खाली ठेवला.

ती म्हणाली की आत्तापर्यंत तू स्वतःला चिखलात घालत होतास, ते तुझं तू बघ. आता एका परक्या माणसाच्या पोटावर पाय येतोय. तो बिचारा आपल्या कोंबड्यांना काय समजावणार, की तुमच्यापैकी समुद्रावर कोण गेली होती?

बायकोनंही या वेळी झाकण्याची बाजू घेतली नाही. ती एवढंच म्हणाली की काखेत कळसा आणि गावाला वळसा असं ऐकलं होतं. पण अहो, काखेतला कळसा रोज वॉशिंग मशीनवर बसून आपल्याकडे बघतो आणि माणूस जाळं घेऊन गावभर फिरतो, हे पहिल्यांदाच पाहतेय.

“सोमवारी सकाळपर्यंत तू सांग,” आक्का म्हणाली. “नाहीतर लाइन मी जोडते.”

सोमवारी सकाळी चिखल्यानं स्वच्छ दाढी केली. डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला. खोली लहान, एक टेबल, एक फ्रीज, त्यावर “खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत” अशी पाटी, आणि भिंतीला लावलेला भरती-ओहोटीचा तक्ता. तो टेबलासमोर उभा राहिला. पायाशी बसून माणसाशी बोलायची त्याला आयुष्यभराची सवय. उभ्यानं बोलणं जड जात असे.

“डॉक्टरबाई, तो सात नंबरचा कुरव...”

फोन वाजला. डॉक्टरबाईंनी त्याला बोटानं थांबवलं आणि रिसीव्हर कानाला लावला, पण लगेच दोन इंच दूर धरला. पलीकडचा आवाज वादळी हवेत, तुटक्या तारांवरून, दोन शहरांपलीकडे पोचवायला तयार केलेला होता. तो खोलीत सगळीकडे पोचला.

“नमस्कार. तुम्ही शोधताय तो कुरव आमच्याकडे आहे.”

डॉक्टरबाईंनी विचारलं की कोण बोलतंय, कुठून बोलताय, पक्षी जखमी आहे का. त्यांनी पेन उचललं, चावलेल्या अंगठ्यासकट. त्या म्हणाल्या, कृपा करून त्याला हात लावू नका, आणि उडून जाणार नाही एवढं बघा.

“उडायचा प्रश्न नाही. आत्ताच अंडं घातलंय त्यानं. लाइनवर राहा, गरम आहे, ठेवून येते.”

डॉक्टरबाईंनी रिसीव्हर हळूच टेबलावर ठेवला. मग चिखल्याकडे पाहिलं.

“ती माझी थोरली बहीण,” तो म्हणाला.

“आणि कुरव?”

“तिची कोंबडी.”

आपण दहा सेकंदांत स्वतःच सांगणार होतो, हे त्यानं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही, बायकोनंसुद्धा.

डॉक्टरबाई रागावल्या असतील तर त्यांनी ते कामाला लावलं. त्यांनी ओळीनं प्रश्न विचारले. कोंबडी कधीपासून आहे, कुठे ठेवली आहे, लस कधी दिली, घरात कुणाला ताप आहे का, गमबूट कधी घरी नेले होते का. शेवटच्या प्रश्नाला नाही हे उत्तर आलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांनी पोल्ट्रीच्या मालकाला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. त्यानं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, कुरव सापडला. त्यावर तो म्हणाला की छान, त्याला विचारा माझं नाव का घेतलं.

संध्याकाळी त्या चिखल्याच्या घरी आल्या. जिन्यात झगा, मास्क, हातमोजे चढवले. इमारतीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी राहिली आणि सगळ्यांनी चिखल्याला काय झालं असावं याचे आपापले अंदाज बांधले. पैकी एकही कोंबडीचा नव्हता. आक्कानं डॉक्टरबाईंना दारातच अडवलं आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायला लावल्या. तुम्ही त्या घाणीतून येता, ती म्हणाली, माझ्या कोंबडीला काही झालं तर? डॉक्टरबाई गेली दोन वर्षं हीच गोष्ट जगाला सांगत होत्या. त्यांना तीच गोष्ट सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. त्यांनी पिशव्या बांधल्या.

सुपरवायझरचा घसा पुसला गेला. तिनं डॉक्टरबाईंच्या दुसऱ्या अंगठ्याला टोचलं. दोन दिवसांनी निकाल आला: कोंबडी ठणठणीत.

आता प्रश्न चिखल्याचा. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, आजच्या आज काढून टाका. डॉक्टरबाई म्हणाल्या, काढते. कारण काय लिहू? कारण लिहिल्याशिवाय काढता येत नाही. साहेब म्हणाले, खरं तेच लिहा. डॉक्टरबाईंनी फोनवर मसुदा वाचून दाखवला. सदर कर्मचाऱ्याने पाळीव कोंबडीचा नमुना कुरवाचा म्हणून दिला, प्रयोगशाळेने तो कुरवाचा म्हणून स्वीकारला, त्यावरून शोध लागल्याचे सर्वांना कळवले, सात दिवस जाळी लावली... इथे साहेबांनी त्यांना थांबवलं. मग ते म्हणाले की माणूस तसा चांगला आहे ना? शिटी वेळेवर पाठवतो. परिषदेतलं भाषण त्यांनी तब्येतीच्या कारणानं रद्द केलं.

डॉक्टरबाई मात्र सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चिखल्याला समोर बसवलं. त्या म्हणाल्या की मला कोंबडीचा राग नाही, कोंबडी माणसाच्या घरी येते. तुम्ही मला खोटं नाव सांगितलंत आणि मी ते लिहिलं, याचा आहे. मग त्यांनी शिक्षा सांगितली.

चौदा दिवस किनारा बंद. त्या काळात सगळ्यांचे गमबूट त्यानं धुवायचे. आणि कोंबडी घरातून गेल्याशिवाय नेमणूक पुढे नाही.

शेवटची अट घरी सांगायची होती. चिखल्यानं ती दोन वेळा मनात घोळवली आणि तिसऱ्या वेळी जेवण झाल्यावर सांगून टाकली. आक्का बराच वेळ गप्प बसली. तिला गप्प बसलेलं पाहायची घरात कुणाला सवय नव्हती, त्यामुळे बायको उठून उगाच भांडी इकडची तिकडे ठेवू लागली. मग आक्का म्हणाली की तुझं दुकान बंद पडलं तेव्हा तू वर्षभर कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतास, खाली बघायचास. आता निदान पक्ष्यांच्या पायांकडे तरी बघतोस. एवढं बोलून ती टोपली काढायला गेली.

सुपरवायझर आता तीन गल्ल्या पलीकडे, आक्काच्या एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीच्या अंगणात राहते. मैत्रिणीला नाव आवडलं. तिच्याही खांद्याला टोचलेलं होतं. आक्का रोज चार वाजता कोंबडीला भेटायला जाते. तिकडच्या चपला वेगळ्या, त्या तिकडेच राहतात. परतल्यावर कपडे थेट मशीनमध्ये आणि मग डोक्यावरून आंघोळ, असं डॉक्टरबाईंनी ठरवून दिलं आहे. आक्का नियम पाळते आणि तासभर पाळते. बायकोचं म्हणणं, कोंबडी होती तेव्हा निदान मधूनमधून बाथरूम मिळायचं.

चौदा दिवसांत चिखल्यानं गमबूट इतके चमकवले की ड्रायव्हरला ते घालून चिखलात उतरणं जिवावर येऊ लागलं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. बोलला, हे विशेष; थर्मासच्या दिवसापासून तो अबोला धरून होता. चिखल्यानं नवा थर्मास घेतला आणि पहिला अर्धा कप त्याच्यासमोर ठेवला. ड्रायव्हरनं आधी आत डोकावून पाहिलं, मग प्यायला.

आज चिखल्याचा किनाऱ्यावर परतल्याचा पहिला दिवस होता. काही कुरवांची डोकी आता खरोखरच काळी व्हायला लागली आहेत. उत्तरेकडे परतायची त्यांची वेळ जवळ आली. त्यानं नऊ नमुने घेतले. नेमणुकीचा कागद दुपारी मिळाला. बायकोनं तो दोनदा वाचला आणि फ्रीजच्या वर ठेवला.

उद्या पाणी सगळ्यात खाली जाईल ते सकाळी सात वाजून चौतीस मिनिटांनी. गाडी सव्वासहाला निघते. नळीवर नाव लिहिण्याआधी डॉक्टरबाई आता स्वतः दुर्बिणीतून पक्षी बघतात, त्यामुळे प्रत्येक नमुन्याला पूर्वीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात.